मारलेले उंदीर मोजता, एकदा त्यांचं यकृतही बघा

प्रति,
राज्यातल्या महानगरपालिका आणि नगरपरिषदांचे आरोग्य अधिकारी,
तसेच कीटकनाशक विभागांचे प्रमुख

विषय: मारलेल्या उंदरांची विल्हेवाट त्यांचं यकृत न तपासता लावली जाण्याबाबत

महोदय, महोदया,

मेलेला उंदीर शेपटीला धरायचा, दुसऱ्या हाताने नाक दाबायचं आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे भिरकावून द्यायचा. आपल्याकडे उंदराचे अंत्यसंस्कार असेच होतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजाऱ्यांनी असाच एक भिरकावला, तेव्हा मी गॅलरीत उभी होते. आधी कावळे आले, त्यांनी पोट फोडलं. मग आमच्या इमारतीचा सार्वजनिक बोका आला आणि उरलेलं धूड तोंडात धरून समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगामागे गेला. तो ढीग हेच त्याचं शौचालय. संध्याकाळी त्याच ढिगात मजुरांची तीन-चार पोरं बोगदे खणत होती. सगळ्यांत धाकटं जेमतेम दीड वर्षाचं असेल. ते ओल्या वाळूची मूठ चाटत होतं.

दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटलं नसतं. माझी नोकरी पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून मला संध्याकाळचा चहा गोड लागला नाही. उंदीर, मांजर, ओली वाळू आणि मूल अशी साखळी ज्या जंताला हवी असते, तो जंत त्या उंदरात होता का? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

जंताचं नाव कॅपिलारिया हिपॅटिका. नव्या पुस्तकांत त्याला कॅलोडियम हिपॅटिकम म्हणतात, पण दवाखान्यात अजून जुनंच नाव चालतं. मराठी नाव नाही. वर्गात मी त्याला ‘यकृतातला केसजंत’ म्हणत असे. थॉमस बॅनक्रॉफ्ट यांनी 1893 साली ऑस्ट्रेलियात उंदराच्या यकृतात सापडलेल्या या जंताचं वर्णन केलं. तो केसासारखा बारीक असतो आणि यकृताच्या मांसात असा गुंतून बसतो की अख्खा काढता येत नाही, तुटतोच. माझ्या एकाही विद्यार्थ्याला तो सबंध काढता आला नाही. मलाही नाही.

आपल्या ओळखीचे बहुतेक जंत आतड्यात राहतात, तिथेच अंडी घालतात आणि ती अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. म्हणून तर आपण शौचाची तपासणी करतो. हा गडी वेगळा. याची मादी यकृताच्या आतच अंडी घालते, आणि तिथून बाहेर पडायला अंड्यांना वाट नसते. दोनेक महिन्यांत मादी मरते, तिचं शरीर विरघळून जातं, पण अंडी तशीच राहतात. शरीर त्यांच्याभोवती तंतूंची भिंत उभी करतं. यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात जंत राहतो तो प्राणी, जिवंत आहे तोवर ती अंडी कैदेत.

सुटका होते ती यजमानाच्या मरणाने. एक तर उंदीर मरून कुजला पाहिजे, नाहीतर त्याला कुणी खाल्लं पाहिजे, मग तो खाणारा मांजर असो, कुत्रा असो की भुकेला भाऊबंद उंदीर. मांजराच्या पोटात ती अंडी पचत नाहीत, विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर येतात. मात्र अजून ती कच्ची असतात, त्यात अळी नसते. ओल, ऊब आणि हवा मिळाली की महिना-दोन महिन्यांत अळी तयार होते. आपल्याकडची पावसाळ्यातली माती या तिन्ही गोष्टी फुकट देते. असं पिकलेलं अंडं उंदराने, खारीने, कुत्र्याने किंवा मुलाने गिळलं की अळी आतड्यात बाहेर पडते, भिंत भेदून रक्तातून यकृतात पोहोचते आणि साधारण महिन्याभरात वयात येते. मग पुन्हा तेच.

आता तुमच्या विभागाचं काम या चक्रात कुठे बसतं ते बघा. या जंताला यजमानाचं मरण लागतंच, आणि ते मरण घाऊक भावाने तुम्ही पुरवता. मुंबईत रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या-मंडया पालथ्या घालणारे पालिकेचे कामगार आहेत. रात्रीला 30 उंदीर हे त्यांचं ठरलेलं लक्ष्य. त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, ते काम मला चार रात्रीही झेपणार नाही. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार अशी की सकाळी उंदीर मोजले जातात, आकडा वहीत चढतो आणि मुडदे जातात. त्या मुडद्याच्या पोटात काय होतं, ते कुणी विचारत नाही.

एके काळी विचारत होते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1899 मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. 1905 पासून प्लेगची चौकशी करणाऱ्या आयोगाने याच शहरात उंदरांची रांग लावून एकेकाचं शवविच्छेदन केलं. कुठल्या वस्तीत, कुठल्या जातीचा उंदीर, अंगावर पिसवा किती, सगळं टिपून ठेवलं. पंखे नाहीत, रबरी हातमोजे दुर्मिळ, आणि प्लेग समोर. तरी त्यांनी उंदीर उघडला, कारण माणसांच्या आजाराचं उत्तर तिथे आहे हे त्यांना कळलं होतं. सव्वाशे वर्षांत आपली साधनं वाढली आणि कुतूहल आटलं, असं म्हटलं तर रागावू नका.

आता तुम्ही म्हणाल, बाई, माणसांत हा आजार होतो तरी किती? रास्त प्रश्न आहे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2011 मध्ये जगभरातल्या सगळ्या नोंदी चाळल्या. यकृतात खरोखर जंत किंवा अंडी सापडलेल्या नोंदी भरल्या 72. रक्ताच्या चाचणीवरून ठरवलेल्या आणखी 13. पहिल्या नोंदीपासूनच्या जवळजवळ नव्वद वर्षांत एवढ्याच. जगात लेप्टोने (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने), साध्या हगवणीने किती जीव जातात ते पाहता हा आकडा काहीच नाही, आणि मी भीती घालायला बसलेली नाही. लेप्टो आधी, हे मलाही मान्य आहे.

पण त्यांच्यापैकीच एका संशोधकाने पुढे उंदीरवर्गीय प्राण्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा हा जंत 60 हून जास्त देशांत आणि 90 हून जास्त जातींत निघाला. फ्रान्समधल्या मार्सेय शहराच्या तपकिरी उंदरांत तो जागोजागी आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 1930 च्या दशकात तपासलेल्या मोठ्या उंदरांपैकी बहुतेकांच्या यकृतात तो होता. उंदरात एवढा पसारा आणि माणसात एवढी टंचाई, याची दोन कारणं असू शकतात. माणूस या जंताला खरंच फारसा मानवत नसेल. किंवा माणसात तो शोधला जात नसेल. दोन्ही थोडं थोडं खरं असावं असा माझा अंदाज आहे. दुसऱ्याचा वाटा किती, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

शोधला जात नाही, असं मी म्हणते ते यामुळे. समजा, ते वाळू चाटणारं मूल दोन महिन्यांनी आजारी पडलं. ताप उतरत नाही. पोट फुगलंय, यकृत हाताला लागतंय. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट. पुस्तकात या आजाराची तीन लक्षणं लिहिली आहेत ती हीच: न हटणारा ताप, वाढलेलं यकृत आणि इओसिनोफिल. पण आपल्या डॉक्टरांसमोर याच लक्षणांचे दुसरे दहा संशयित उभे असतात. टायफॉइड, क्षय, यकृतातलं गळू, हत्तीरोगाचे जंत, कुत्र्याचे गोल जंत. डॉक्टर जंताचा विचार करतात आणि शौच तपासायला पाठवतात. शौचात काही सापडत नाही. सापडणारच नाही, अंडी यकृतात कैद आहेत. ‘जंत नाहीत’ असा शेरा पडतो आणि फाइल पुढे सरकते. नेमकं उत्तर मिळतं ते यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, आणि लहान मुलाच्या यकृतात सुई घालायला कोण सहज तयार होईल?

याच्या उलटी गंमत ॲमेझॉनच्या जंगलात दिसते. तिथले लोक रानडुक्कर, टॅपिर यांचं यकृत खातात. त्यांच्या शौचात या जंताची अंडी दिसतात आणि माणूस ठणठणीत असतो. जनावराच्या यकृतातली कच्ची अंडी पोटातून नुसती प्रवास करून बाहेर पडलेली असतात. व्हिएन्नाच्या यादीत अशा खोट्या संसर्गाच्या नोंदी 78 होत्या, म्हणजे खऱ्यांपेक्षा जास्त. ज्याच्या शौचात अंडी त्याला आजार नाही, ज्याला आजार त्याच्या शौचात अंडी नाहीत. परीक्षेत मी हा प्रश्न हमखास घालायची, आणि निम्मा वर्ग हमखास आपटायचा.

इथे जाता जाता एक सांगते. कातकरी समाज शेतातले उंदीर खातो म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगा, ताजा उंदीर भाजून खाल्ल्याने हा आजार होत नाही. अंडी कच्ची असतात, शिवाय शिजतात. धोका त्या यकृतातून मातीत पडलेल्या अंड्यांचा, आठवड्यांनंतरचा, आणि तो टॉवरमधल्या आणि झोपडीतल्या मुलाला सारखाच. नाही, सारखा नाही. टॉवरमधलं मूल वाळूच्या ढिगावर वाढत नाही.

माणसातली पहिली नोंद कुठली माहीत आहे? भारतातली. नोकरीवर असलेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या यकृतात ही अंडी सापडली, आणि 1924 साली लष्करी डॉक्टरांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे या आजाराच्या मानवी इतिहासाची पहिली ओळच आपल्या मातीवर लिहिली गेली. त्यानंतरही आपल्याकडे तुरळक नोंदी होत राहिल्या. 2007 मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक आली होती. पण त्या सगळ्या माणसाच्या बाजूने, योगायोगाने लागलेल्या. उंदराच्या बाजूने कुणी पद्धतशीर दार ठोठावलं तर चित्र स्पष्ट होईल, आणि त्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहे.

वन्यजीवांचंही थोडं बोलते, कारण पालिकांच्या ताब्यात प्राणिसंग्रहालयंही असतात. रवांडातल्या पर्वतीय गोरिलांच्या यकृतात हा जंत सापडलेला आहे. पिंजऱ्यातल्या माकडांतही ठिकठिकाणी सापडला आहे, आणि तिथे कारण बहुधा एकच, पिंजऱ्यात फिरणारे उंदीर. प्राणिसंग्रहालयात माकड मेलं तर शवविच्छेदन होतंच. त्यात यकृताच्या पृष्ठभागावरचे पांढरे पट्टे निव्वळ ‘व्रण’ म्हणून लिहून सोडू नयेत, एवढीच विनंती आमच्याच व्यवसायातल्या मंडळींना. आणि शहराच्या कडेला जिथे बिबट्या कुत्रे खातो आणि कुत्रे उंदीर खातात, तिथे अंडी किती लांब जात असतील याचा हिशोब मी मांडणार नाही. मांडायला आकडेच नाहीत.

उंदीर मारायला हाच जंत वापरावा, असंही एकदा लोकांना वाटलं होतं. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात अधूनमधून घरउंदरांचा महापूर येतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात शेतात मुद्दाम हा जंत सोडून पाहिला. उंदरांना लागण झाली, पण संख्या आटोक्यात आली नाही. उंदीर यकृत पोखरलेलं असूनही पिल्लं घालत राहिले. मला ही हकीकत फार आवडते. उंदरापुढे माणसाची प्रत्येक युक्ती अशीच थोडी तोकडी पडते.

आता कामाचं. मी काय मागते आहे ते सांगते, कारण फार मोठं काही मागत नाही. मारलेला प्रत्येक उंदीर फाडा असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक वॉर्डातून महिन्याला 20 ताजे उंदीर बाजूला काढा. पकडल्याबरोबर ते बंद पिशवीत, क्लोरोफॉर्मचा बोळा घालून ठेवायचे, म्हणजे पिसवा मरतील. 1994 साली बीडमधल्या मामला गावात आणि सुरतेत प्लेग आला तो आपल्याला आठवतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही. नंतर हातमोजे, मुखपट्टी, ट्रे. पोट उघडायचं, यकृत बाहेर काढायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

निरोगी यकृत गडद तपकिरी, गुळगुळीत असतं. केसजंताचं यकृत ओळखू येतं. त्यावर पिवळट पांढरे ठिपके आणि वेडेवाकडे पट्टे, कुणीतरी खडूने गिरगटल्यासारखे. त्या पट्ट्यातला मसुराएवढा तुकडा कापायचा, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. असेल तर लगेच दिसतं: पिंपाच्या आकाराची अंडी, दोन्ही टोकांना बूच, कवचावर बारीक रेघा, शेकड्यांनी एकमेकांना खेटून. रंग लावायला नको, यंत्र नको. एका उंदराला दहा मिनिटं. उरलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये.

एका गोष्टीला मात्र फसू नका. आपल्याकडच्या उंदरांत आणि घुशींत यकृतावर वाटाण्याएवढ्या, कधी त्याहून मोठ्या पांढऱ्या गाठी पुष्कळदा सापडतात. फोडली की आतून गुंडाळलेली, वळ्यावळ्यांची पांढरी फीत बाहेर येते. तो केसजंत नाही. ते मांजराच्या पट्टकृमीचं बाल्य आहे, मांजराने उंदीर खाल्ला की मांजराच्या आतड्यात त्याचा मोठा पट्टकृमी होतो. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी ती फीत चिमट्यात धरून ‘मॅडम, कॅपिलारिया!’ म्हणून धावत यायचा. त्याला मी परत पाठवायची, पण तीही नोंद ठेवायला लावायची. ती गाठ सांगते की इथल्या मांजरांचा आणि उंदरांचा संबंध किती दाट आहे, आणि केसजंताला तीच वाट हवी असते.

आणि उंदीर उघडलाच आहे तर मूत्रपिंडही काढून लेप्टोसाठी प्रयोगशाळेत द्या. मुडदा एकच, चाकू एकच.

माणसं नाहीत, असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. राज्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय मिळत नाहीत म्हणून ती तेच ते विषय दरवर्षी घेतात. त्यांना उंदीर द्या. परवानगीचं एक पत्र आणि एक शीतपेटी, यापलीकडे पालिकेचा खर्च फारसा नाही.

सापडलं नाही तर? तर तेही लिहून प्रसिद्ध करा, ती मोलाची नोंद होईल. सापडलं तर दोन कामं लगेच करता येतील. एक, त्या वॉर्डातल्या बालरोगतज्ज्ञांना आणि सरकारी दवाखान्यांना कळवायचं की ताप, मोठं यकृत आणि चढलेले इओसिनोफिल असं मूल आलं, शौच स्वच्छ निघालं, तर या जंताचाही विचार करा. वेळेत ओळखला तर औषध आहे. अल्बेंडाझोलच, पण जंतनाशक दिनाला शाळेत-अंगणवाडीत एकदा देतात तशी एक गोळी पुरत नाही. बरेच दिवस द्यावी लागते, सोबत सूज कमी करणारी औषधं लागतात. उशीर झाला तर मोठे जंत मरतात, पण अंडी आणि त्यांच्याभोवतीचे व्रण यकृतात राहतात.

दुसरं काम मुडद्यांचं. मेलेला उंदीर रस्त्यावर टाकू नये, अशी सूचना तुमच्या फलकांवर मी तरी पाहिलेली नाही. ‘मोकळ्या जागेत पुरावा’ असा सल्ला मात्र लोक एकमेकांना देतात. उथळ पुरणं म्हणजे या जंताची पेरणीच. ओल आहे, हवा आहे, महिन्या-दोन महिन्यांत पीक तयार. मेलेले उंदीर वेगळ्या पिशवीत गोळा व्हावेत आणि भट्टीत जावेत. घंटागाडीत ओला, सुका एवढी शिस्त लोकांना लागली आहे, तशी ही तिसरी पिशवीही लागेल. आणि बांधकामाच्या वाळूचे ढीग रात्री ताडपत्रीने झाकण्याची अट परवान्यात घाला. मांजराला दुसरी जागा सापडेल, पण मुलांना निदान तो ढीग तरी स्वच्छ मिळेल.

ते वाळू चाटणारं मूल दिवाळीच्या आत आई-वडिलांबरोबर दुसऱ्या साइटवर गेलं. त्याचं पुढे काय झालं हे मला कळण्याचा मार्ग नाही. त्याला काही झालं नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी मला एक जुना सूक्ष्मदर्शक भेट दिला, तो अजून उत्तम चालतो. काचपट्ट्या आहेत, चिमटे आहेत, हात अजून थरथरत नाहीत. ज्या पालिकेला सुरुवात करायची आहे तिच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला मी येईन, मानधन नको, रिक्षाचं भाडं माझं मी देईन. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहानंतर मोकळी असते. पहिल्या दिवशी पाच उंदीर पुरेत. ताजे मात्र हवेत.

आपली,
परजीवीशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका